बॉनेटखालचं निर्माल्य

सुहासिनीनं किल्ली फिरवली आणि गाडीनं काहीच केलं नाही.

खोकणं नाही, कण्हणं नाही, साधं टक् नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लग्नघराला लावल्यासारखे झगझगीत. तिनं किल्ली मागं घेतली, मनातल्या मनात गाडीला दोन गोड शब्द सांगितले आणि पुन्हा फिरवली. गाडी ढिम्म. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की त्या शांततेत वास तेवढा बोलका झाला.

वास दिवाळी संपल्यापासूनचा होता. रावेतच्या त्या सोसायटीत त्याच्याबद्दल प्रत्येकाचं आपापलं मत होतं. सेक्रेटरी सुमनताई ड्रेनेजच्या लाइनवर बोट ठेवायच्या. ए विंगवाले बी विंगवाल्यांच्या ओल्या कचऱ्यावर ठेवायचे. सुहासिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे प्रभाकरांनी, मतबित न देता डॅशबोर्डवर लिंबाच्या सुगंधाची बाटली चिकटवून टाकली होती. त्यामुळे आता गाडीत बसलं की गटारावर लिंबू पिळल्यासारखं वाटायचं.

बाजूच्या सीटवर तिची बुधवारची पिशवी होती. शिकेकाईची पूड, खोबरेल तेल, नखं कापायचं यंत्र, जुन्या मऊ साडीचे पंचे, आणि डब्यात आसट भात नि मेथीचं पातळ वरण. बुधवार हा महाळुंग्याच्या केसरमावशीचा. चाकणच्या अलीकडचं ते गाव आता कंपन्यांच्या भिंतींमध्ये कुठंतरी सापडतं. मावशीची जमीन केव्हाच कुणाच्या तरी गोदामाखाली गेली, घर तेवढं राहिलं. सुहासिनीची आई गेल्यावर तिला अंगाखांद्यावर वाढवलं ते या मावशीनं. आता मावशीला उठवत नव्हतं. स्वयंपाकाला एक बाई यायची, पण डोकं धुणं आणि नखं कापणं एवढं मावशी कुणाच्या हातून करून घेत नसे. "दुसऱ्याच्या हाताची मला किळस येती," ती म्हणायची. तोंडात मिश्री, पदराला तपकिरी डाग, आणि किळस दुसऱ्याच्या हाताची. सुहासिनीला दर वेळी हसू यायचं.

आधी ती बसनं जायची. दोन बस, मग सहा आसनी रिक्षा, मग चालणं. गुडघ्यानं तक्रार केली तेव्हा जाणं पंधरवड्यावर गेलं, मग महिन्यावर, आणि मावशीच्या केसांच्या जटा झाल्या. त्या वर्षी प्रभाकरांना काचबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि ही पांढरी गाडी खाली धूळ खात पडली. तेव्हा पन्नाशी ओलांडलेली सुहासिनी कुणाला न विचारता ताथवड्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. आता तळवड्याच्या रस्त्यावर कंटेनरांच्या मधून ती अशी गाडी काढायची की मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचंच विसरायचा. बुधवार पुन्हा दर आठवड्याला यायला लागला. मावशीच्या जटा सुटल्या.

ती पिशवी तिथंच ठेवून वर आली. प्रभाकर हॉलमध्ये भिंगातून पेपर वाचत होते.

"चालू होत नाही," ती म्हणाली.

"क्लच पूर्ण दाबला होतास?"

"दाबला होता."

"पूर्ण म्हणजे तळाला टेकेपर्यंत. तू अर्धवट दाबतेस. मी बसतो ना शेजारी, मला कळतं."

"तळाला टेकवला. त्याखाली आता फक्त पार्किंगची फरशी उरली आहे."

प्रभाकरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी गाडी बघायला उठण्याऐवजी फोन उचलला. पुतण्याला, गणराजला. हा गणराज काळेवाडीत जुन्या गाड्या घ्यायचा आणि विकायचा. गाडीचा आवाज फोनवर ऐकूनच तिच्या आयुष्याचं भविष्य सांगायचा, आणि ते नेहमी वाईट असायचं.

ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. "सेल्फ गेला असणार रे. काय होतं, बायकांच्या हातात गाडी गेली की सेल्फ जातोच. किल्ली धरून ठेवायची, पुन्हा पुन्हा मारायची… हो, हो. नाही, माझ्याच्यानं आता ते होत नाही. तूच घेऊन जा. बारापर्यंत ये. काकूला काय विचारायचं, काकूच्याच जिवाचा घोर जाईल."

चहाला उकळी येऊन तो शेगडीवर सांडला. सुहासिनीनं तो पुसला नाही. ती बाहेर आली.

"काय घेऊन जा?"

"गाडी. गणराज म्हणतो सेल्फ काढला की मागून काय काय निघेल सांगता येत नाही. उगाच जुन्या गाडीत—"

"आणि माझा बुधवार?"

"मोबाइलवरून गाडी बोलव. नाहीतर मावशींना इकडं आण चार दिवस." मग आपणच काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी चेहरा किंचित आखडला. "म्हणजे, मागच्या वेळी त्यांनी सोफ्यावर ती मिश्री सांडली होती. डाग अजून आहे."

डाग होता. सुहासिनी तो रोज बघायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे. प्रभाकरांनी त्यावर उशी ठेवली होती आणि ती उशी कुणी हलवली की ते उठून परत सरळ करायचे.

"गणराजनं गाडी बघितली?" तिनं विचारलं.

"तो येऊन बघेलच."

"तुम्ही बघितली?"

"मला वाकायला मनाई आहे, माहितीय तुला."

"मग मी वाकते. तुम्ही उभं राहून सांगा."

"बॉनेट उघडायचं काम तुझं नाही, सुहास. कितीदा सांगितलंय, त्यात हात घालायचा नाही. काहीतरी तुटेल."

सुहासिनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. लहानपणी मावशीच्या घरात आवाज चढवायला जागा नव्हती, आणि या घरात त्याची कधी सोय झाली नाही. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "अहो, तीस वर्षं तुम्ही कंपनीत सेल्फ तपासलेत. हजारो. एक माणूस तरी असा होता का ज्यानं सेल्फ हातात न घेता नापास केला?"

प्रभाकरांनी पेपरची घडी घातली.

"असता तर तुम्ही त्याला लाइनवर उभं केलं असतंत?"

सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. ती फिरली की इंजिन फिरतं, आणि मग इंजिन आपलं आपण बघतं. चाकणच्या एका कंपनीत प्रभाकरांचं अख्खं आयुष्य त्या धक्क्याची परीक्षा घेण्यात गेलं होतं. घरी जेवताना ते कार्बन, आर्मेचर, सोलेनॉइड असे शब्द भाकरीबरोबर तोडायचे. सुहासिनीनं त्यातलं बरंच ऐकलं होतं, जसं शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येतं तसं. लक्ष न देता, पण काही न निसटता.

ते उठले. कपाटातून चष्म्याची एक जुनी डबी काढली. आत एक छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला सुई. हा त्यांचा कंपनीत स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प. निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली होती, पण हा घरी आणला होता.

खाली येताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट बदलला नाही. ते काम सुहासिनीचं आहे हे आपोआपच ठरलं होतं.

पार्किंगमध्ये त्यांनी आधी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "ड्रेनेजचं काहीतरी केलं पाहिजे यांनी," ते रुमालातून म्हणाले. मग तिला आत बसवून चौकशी सुरू केली. हा त्यांचा मूळचा आवाज होता, परीक्षकाचा, आणि तो बऱ्याच दिवसांनी बाहेर पडत होता.

"किल्ली फिरव. दिवे मंद होतात का?"

"नाही."

"नीट बघ. जरासेही?"

"जसेच्या तसे आहेत."

"हॉर्न?"

हॉर्न असा वाजला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"सेल्फकडून टक् असा आवाज?"

"काही नाही."

प्रभाकर रुमाल विसरले. "हे बघ, सेल्फ अडकला असता तर त्यानं बॅटरी ओढली असती, दिवे मान टाकतात. बॅटरी उतरली असती तरी मान टाकली असती. टक् झालं असतं तर निरोप पोचला पण मोटर फिरली नाही, असं म्हटलं असतं. इथं काहीच नाही. म्हणजे निरोपच पोचत नाही. किल्लीपासून सेल्फपर्यंत एक बारीक वायर जाते—" ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की ते सकाळी फोनवर बोलले त्याच्या नेमकं उलट बोलतायत.

सुहासिनीनं ते लक्षात आणून दिलं नाही. तिनं बॉनेटचा खटका ओढला.

झाकण वर गेलं आणि आतून वास नुसता आला नाही, तो अंगावर झेपावला, कुणी दारामागे दबा धरून बसावं तसा. गोडसर, दाट, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन चिकटणारा. सुहासिनीचे डोळे भरून आले. प्रभाकर दोन पावलं मागं सरकले ते थेट खांबाला टेकले.

झाकणाच्या आतल्या बाजूचं काळं नमद्यासारखं अस्तर कुरतडून लोंबत होतं. बॅटरीवर उंदरांच्या लेंड्या होत्या, काळ्या तांदळासारख्या, आणि त्या कशात तरी चिकटल्या होत्या. तिनं वाकून बघितलं. पिवळट, तेलकट थर. त्यात मुंग्यांची मेलेली रांग. बॅटरीच्या खाली, गिअरबॉक्सच्या कुशीत जिथं सेल्फ बसतो, तिथं एक मोठं घरटं होतं. अस्तराचे धागे, कागदाचे कपटे, वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, लाल दोऱ्याचा गुंता. सगळं मुताच्या ओलीनं एकजीव झालेलं. आणि त्या गादीवर, सेल्फच्या पाठीला पाठ लावून, एक घूस होती. मेलेली. पोट फुगून फुटलेलं. फुटलेल्या जागी काहीतरी पांढरं हळूहळू वळवळत होतं.

"अगंबाई," मागून आवाज आला. सुमनताई नाकाला पदर लावून उभ्या होत्या, हातात सोसायटीच्या नोटिसांचा गठ्ठा. "तुमच्याकडूनच होता होय वास. आणि मी प्लंबरला तीन चकरा मारायला लावल्या."

"उंदरांचं औषध तुम्हीच टाकलं होतंत ना कोपऱ्यात?" सुहासिनीनं विचारलं.

"टाकलं होतं. खाऊन बाहेर जाऊन मरतात असं सांगितलं होतं दुकानदारानं."

"हिला बाहेर जावंसं वाटलं नसेल. इथं जेवणखाण चांगलं होतं."

सुमनताईंनी अजून थोडं वाकून बघितलं, त्यांचा चेहरा हिरवट झाला आणि नोटिसा तशाच घेऊन त्या जिन्याकडं निघून गेल्या.

सुहासिनीनं झेंडूकडं बघितलं. मग कपट्यांमधला एक मोठा तुकडा, चिंचवडच्या मिठाईवाल्याच्या खोक्याचा, सोनेरी नक्षीचा. तो खोका तिनंच आणला होता. खंडेनवमीला. पेढे होते त्यात.

खंडेनवमीला सगळे गाडीची पूजा करतात. बाहेरून. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढं हार. प्रभाकरांना ते पटत नसे. कंपनीत यंत्राची पूजा यंत्राच्या पोटात व्हायची. झाकण उघडून, जिथं काम होतं तिथं हळदकुंकू, तिथं फूल, तिथं नैवेद्य. त्यांच्या टेस्ट बेंचच्या आत दर वर्षी पेढा ठेवला जायचा आणि नारळाचं पाणी शिंपडलं जायचं. म्हणून घरीही ते बॉनेट उघडून, बॅटरी आणि सेल्फला हळदकुंकू लावून, नारळाचं पाणी शिंपडून, पेढे आणि खोबऱ्याच्या वाट्या आत ठेवून, वरून हार घालून, झाकण हलकेच लावायचे. सुहासिनी आरतीचं ताट धरून बाजूला उभी असायची. आत बघायची तिला परवानगी नव्हती आणि हौसही नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "कंपनीत पूजेचं निर्माल्य कोण काढायचं?"

"म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर जायचात तेव्हा ते पेढे, ती फुलं, तिथंच असायची?"

"छे. लाइन लख्ख असायची."

"मग कोण काढायचं?"

प्रभाकर विचार करू लागले. ते खरोखर विचार करत होते, आणि तेच तिला सगळ्यात ओंगळ वाटलं. "असतील कुणीतरी हाउसकीपिंगचे," ते शेवटी म्हणाले. "दसऱ्याला आम्हाला सुट्टी असायची."

"आणि इथं?"

त्यांनी घरट्याकडं बघितलं. पेढ्याच्या खोक्याची सोनेरी नक्षी त्यांना त्या अंधुक नजरेतही ओळखू आली असावी. "मला वाटलं," ते म्हणाले, "तू काढलं असशील."

"बॉनेटला हात लावायचा नाही असं मला कोण सांगतं?"

बेसमेंटमध्ये कुठंतरी पाण्याची मोटर सुरू झाली आणि बंद पडली.

सुहासिनीच्या मनात आलं की आता झाकण लावावं. वर जावं, हात धुवावेत, बाराला गणराजला हा सगळा संसार घुशीसकट सोपवावा. तिला त्या घुशीची किळस आली होती, पण ती किळस निदान सरळ होती. नाक चिमटीत धरलं की भागणारी. दुसरी एक होती ती कुठं धरावी तेच तिला कळेना. इतकी वर्षं या माणसाच्या मागं कुणी ना कुणी पुसत आलं होतं. कंपनीत हाउसकीपिंगवाले, घरी ती. त्यानं स्वतः घाण केली असंही नाही. पूजाच केली. फक्त पूजेनंतर काय होतं हे त्याला कधी दिसलंच नाही, डोळे चांगले होते तेव्हासुद्धा.

मग तिला सीटवरची पिशवी दिसली. मावशी आता उन्हात पाट टाकून बसली असेल.

"मी वर जातो," प्रभाकर रुमालातून म्हणाले. "मला मळमळतंय."

"इथंच थांबायचं," सुहासिनी म्हणाली. "पिशवी धरायची आहे."

तिनं वरून लागेल ते सामान आणलं, कचऱ्याची काळी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि तिचं तोंड उघडं धरायला लावलं. स्वतःच्या हातांवर दुधाच्या पिशव्या चढवून रबर लावले. आधी वरचा कचरा काढला. मग श्वास धरला, डोळे बारीक केले आणि घुशीला शेपटीजवळ धरून उचललं. ती सहज आली नाही. खालचा भाग धाग्यांना चिकटला होता; सुटताना असा ओला आवाज झाला की सुहासिनीला सकाळचं सगळं घशाशी आलं. ते तिनं गिळलं. प्रभाकरांनी मान फिरवली होती, पण पिशवी सोडली नाही. घूस आत पडली तेव्हा त्यांना कोरडी ओकारी आली, तरी पिशवी तशीच.

"अजून आहे," ती म्हणाली.

"किती?"

"तुम्ही ठेवलं होतंत तेवढं."

घरटं निघालं तेव्हा खाली सेल्फ दिसला. त्याच्या अंगावर कुंकवाचं बोट अजून होतं, ओलीनं पसरून तपकिरी झालेलं, मावशीच्या पदरावरच्या डागासारखं.

"आता लॅम्प," प्रभाकर म्हणाले. आवाज अजून चिरका होता, पण परीक्षक परत आला होता. "चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लाव. सुई जाड वायरीच्या नटाला."

बल्ब लागला.

"लागला."

"म्हणजे बॅटरीकडून माल येतोय. आता बारीक वायर शोध. मी किल्ली फिरवतो, तू सुई तिच्या पिनेला टेकव." पिशवी खाली ठेवून ते चाचपडत आत जाऊन बसले. "फिरवू?"

"फिरवा."

"लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

तिनं मोबाइलचा उजेड टाकून त्या बारीक वायरीवरून बोट फिरवलं. बोटभर अंतरावर वायर संपली. पुढं नुसती हवा, आणि मग तिचं दुसरं टोक, दातांनी सोललेलं, तांब्याच्या तारा वाळलेल्या मुळांसारख्या पसरलेल्या. त्या टोकाला अजून खोबऱ्याचा तेलकट वास होता.

"खाल्ली आहे," ती म्हणाली.

प्रभाकर बाहेर आले. आता त्यांना तिला काही सांगावं लागणार होतं, आणि ते त्यांनी सांगितलं, पण आधी घसा खाकरून. "सेल्फ चांगला आहे की नाही ते बघता येईल. किल्ली काढून घेतली आहे, गिअर न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय. मोठा स्क्रू ड्रायव्हर घे. मूठ प्लास्टिकची बघ. जाड नटापासून त्या बारीक पिनेपर्यंत क्षणभर टेकव. ठिणगी उडेल, घाबरू नको. इंजिनाच्या पट्ट्यापासून हात लांब ठेव."

तिनं टेकवला. ठिणगी उडाली, तिनं दात आवळले, आणि सेल्फनं इंजिन उचललं. भर्र भर्र भर्र, गाडी अंग झटकून जागी झाल्यासारखी हलली.

"पुन्हा," प्रभाकर म्हणाले.

भर्र भर्र.

ते डोळे मिटून, मान एका बाजूला कलवून ऐकत होते. चेहऱ्यावर असं काही होतं की सुहासिनीला क्षणभर जुना माणूस दिसला, नवीन लग्नात तिला कंपनीच्या गेटपर्यंत नेऊन आतला आवाज ऐकवणारा. "ऐकलंस?" ते म्हणाले. "आर्मेचर सरळ आहे. बेअरिंगचा आवाज नाही. काही झालेलं नाही गं याला."

"नव्हतंच झालेलं," ती म्हणाली. तिच्या मनगटावरून घुशीचं मूत कोपरापर्यंत ओघळलं होतं.

वायरीची दोन्ही टोकं तिनं सुरीनं सोलली, मध्ये त्यांच्या डबीतला वायरीचा तुकडा घालून पीळ दिला आणि वरून काळी टेप गुंडाळली. प्रभाकर सांगत होते आणि ती करत होती. एकदा त्यांनी चुकून "तुला जमणार नाही, दे इकडं" म्हटलं आणि हात पुढं केला. हाताला वायर सापडली नाही, हात हवेत राहिला. तिनं तो बाजूला सारला नाही. टेपचं रीळ त्यात ठेवलं, धरायला.

मग तिनं पार्किंगच्या नळाला हात धुतले. साबणानं धुतले, वास गेला नाही. पिशवीतली शिकेकाई काढून तिनं धुतले. सीटवर जुना पंचा टाकून बसली, क्लच तळाला टेकवला आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली.

नेमका तेव्हाच रॅम्पवरून गणराज आला. मागं टोइंगचा ट्रक, गणराजच्या डोळ्यांवर काळा चष्मा. बेसमेंटमध्येही. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा असा पडला जसं कुणी त्याच्या ताटातून भजी उचलली.

"चालू झाली वाटतं, काकू," तो म्हणाला. मग काकांकडं वळून, "पण काका, हे तात्पुरतं असतं. एकदा सेल्फला सवय लागली ना—काय, झालं काय होतं?"

सुहासिनी काचेतून बघत राहिली. इथं ती बोलणार नव्हती. सकाळचा फोन तिनं केला नव्हता.

प्रभाकर काळी पिशवी हातात धरून उभे होते. इस्त्रीच्या शर्टावर बाहीपाशी काहीतरी ओलसर लागलं होतं, ते त्यांना दिसलं नव्हतं. "सेल्फला काही झालेलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं, म्हणजे जिथून आवाज येत होता तिकडं. "प्रसाद राहिला होता आत," ते म्हणाले. "माझा."

गणराजला काही कळलं नाही. "बरं, पण आलोच आहे तर—"

"गाडी काकूची आहे. तिला विचार."

"राहू दे रे," सुहासिनी म्हणाली. "ट्रकवाल्याला वर ने, चहा दे. शेगडीवर सांडलाय तो आधी पुसून घे."

गणराज हसला, मग तिच्याकडं बघून हसायचा थांबला. तिनं गिअर टाकला. प्रभाकर गाडीच्या बाजूनं रॅम्पपर्यंत चालत आले, एका हातानं तिला मागचं-पुढचं दाखवत, जसं ती अजून शिकाऊच होती, आणि दुसऱ्या हातात पिशवी.

"सुहास, हे कुठं टाकू?"

"सुमनताईंना विचारा ओला कचरा की सुका."

"आणि मग?"

"मग शर्ट भिजत घाला. तुमच्या बाहीला लागलंय."

ते थांबून बाही बघू लागले. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी नाकाजवळ नेली, आणि त्यांचा चेहरा जो वाकडा झाला तो तिनं आरशात बघितला. एरवी ती थांबली असती, उतरून शर्ट काढून घेतला असता. तिनं काच वर केली.

सोसायटीच्या गेटबाहेर तिनं गाडी कडेला लावली, कारण फोन वाजत होता.

"सुहासे, निघालीस न्हवं?" केसरमावशीचा आवाज. "पाणी तापवून ठिवलंय कवाधरनं."

"निघाले मावशी. गाडीत घाण झाली होती."

"कशाची?"

"घूस मेली होती."

"मग हात धुतलेस का न्हाई?"

"तुझ्या शिकेकाईनं धुतले. वास येतोय अजून."

पलीकडून मिश्री लावलेल्या तोंडानं हसल्यासारखा आवाज आला. "येऊ दे. तुझ्या हाताला आला तर चालतो मला. हळू ये पर, ते कंटेनरवाले आंधळे असत्यात. पाणी निवलंय, बाईला परत ठिवाय सांगती."

सुहासिनीनं सगळ्या काचा खाली केल्या. डॅशबोर्डवरची लिंबाची बाटली उपटून काढली आणि कचरापेटी दिसेपर्यंत मांडीवर धरून, तळवड्याच्या रस्त्याला लागली.